गाडी सासऱ्यांच्या नावावर, चालवतो आम्ही सगळे. विमा कोणाकोणाला लागू?

यावलची_मास्तरीण
नमस्कार मंडळी. आमची डिझायर सासऱ्यांच्या नावावर आहे, एमएच १९. आप्पा सत्तरीच्या पुढे गेले, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शाळेत मी एसटीने जाते, पण आप्पांना भुसावळला डॉक्टरकडे न्यायचं, लग्नसराईत रात्री परतायचं, ते सगळं माझ्याकडे. कानबाईला दीर सुरतहून आले की चावी त्यांच्याकडे, आखाजीला नणंद आली की दाजींकडे.

यंदा पॉलिसी नवी करताना कागद शेवटपर्यंत वाचला. त्यात "मालक-चालक, वैयक्तिक अपघात, १५ लाख" अशी ओळ आहे आणि पुढे आप्पांचं नाव. आमची नावं कुठेच नाहीत. एजंटला विचारलं तर म्हणे, "ताई, सगळं कव्हर असतं." मला त्या "सगळ्या"त काय काय येतं ते हवंय. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचे ट्रक समोरून कसे येतात ते इथल्यांना सांगायला नको.

चोपडेकर
ताई, मी विम्याचंच काम करतो, नीट सांगतो. आपल्याकडे मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो. कोण चालवणार यांची यादी द्यावी लागत नाही. मालकाच्या परवानगीने कोणीही चालवली तरी चालतं, अट एकच: अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि ते रद्द वा निलंबित नको. शिकाऊ लायसन्सही चालतं, पण एल लावलेला हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा.

म्हणून थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या विम्याचा, हप्ता चालकावरून बदलत नाही. १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये, जीएसटी वेगळा. घरात एक जण चालवो की पाच. गाडीचं स्वतःचं नुकसान फुल पॉलिसीतून मिळतं, तुमच्या हातात असो की दाजींच्या. फक्त क्लेम कोणामुळेही झाला तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आप्पांचा जातो. ५० टक्क्यांवर पोचलेला असेल तर पुढच्या वर्षी थेट शून्य. बंपर-लाईटसारखं किरकोळ काम असेल तर आधी गॅरेजवाल्याकडून अंदाज घ्या, मग ठरवा.

धुळेकर_७१
ताई, तुमनं म्हननं खरं शे, कागद वाचालेच पाहिजे. आमच्या भावकीत एकाच्या पुतण्याने गाडी नेली, साक्रीजवळ नाल्यात घातली. पोराचं लायसन्स संपलेलं. कंपनीने गाडीचा क्लेम सरळ नाकारला, दुरुस्ती घरातून झाली.

दुसऱ्याला इजा झाली असती तर आणखी अवघड. सुप्रीम कोर्टाचा २००४ चा स्वर्णसिंग निकाल आहे. लायसन्सची अट मोडलेली असली तरी जखमीला पैसे आधी कंपनीच देते, पण मालकाने जाणूनबुजून गाडी दिली असेल तर ते पैसे मालकाकडून वसूल करू शकते. तुमच्या घरात ती नोटीस आप्पांच्या नावाने येईल. अन् अठराच्या आतल्या पोराला तर चावी देऊच नका. २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, असा कायदा आहे.

यावलची_मास्तरीण
दोघांचेही आभार. म्हणजे गाडी सांभाळली जाते, समोरचा माणूस सांभाळला जातो. पण मी जखमी झाले तर? त्या १५ लाखांतलं मला काही मिळतं का?

चोपडेकर
नाही. त्या ओळीला तीन अटी आहेत. गाडी त्याच्या नावावर, पॉलिसी त्याच्या नावावर आणि त्याच्याकडे चालू लायसन्स. तुमच्याकडे तिसरीच आहे. आप्पांचं लायसन्स तपासा. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनीच वाढतं. संपलं असेल तर त्या कव्हरचा हप्ता भरायचं कारणच उरत नाही.

चूक समोरच्या ट्रकची असेल तर त्याच्या विम्यावर तुम्ही दावा करू शकता. पण स्वतःची गाडी स्वतःच झाडावर गेली तर तुम्ही थर्ड पार्टी ठरत नाही. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात म्हटलंय. मागे बसलेल्या घरच्यांचं मात्र फुल पॉलिसीत संरक्षण असतं, नुसत्या थर्ड पार्टीत नसतं.

उपाय दोन. गाडी आणि पॉलिसी तुमच्या नावावर करा, मग १५ लाखांचं कव्हर तुमचं. किंवा स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, ती कोणाच्याही गाडीत आणि चालतानाही लागू होते. तोवर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. रक्कम छोटी आहे, पण दीर-दाजींनाही काढायला लावा.

नंदुरबारची_वहिनी
एक भर घालते. मालक गेले तर पॉलिसी तीन महिनेच, किंवा मुदत आधी संपली तर तोवरच चालते. आमच्याकडे दिवसकार्याच्या गडबडीत कोणाला हे सुचलं नव्हतं, नंतर धावपळ झाली. आप्पा सुखरूप आहेत तोवर नाव बदलून घ्या, सह्यांचा प्रश्न राहत नाही.

यावलची_मास्तरीण
वहिनी, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. खान्देशात निम्म्या घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा नाहीतर सून. अख्खं घर ज्याच्या भरवशावर मागे बसतं त्याच्याच जिवाला कव्हर नाही, हे बरोबर नाही. १५ लाखांची ती ओळ त्या वेळी स्टिअरिंगवर असलेल्या घरच्या माणसाला लागू व्हावी, त्यासाठी हप्ता थोडा वाढला तरी मी भरीन. विमा नियामकाकडे तसं लिहिणारही आहे. कोणाला सोबत सही करायची असेल तर कळवा.

मी स्वतंत्र पॉलिसी घेतेय. गाडीही नावावर करतोय, आप्पा लगेच हो म्हणाले. फॉर्म २९ आणि ३० आणलेत. जळगाव आरटीओत आप्पांना स्वतः जावं लागतं का, की सह्या चालतात? त्यांना तेवढा प्रवास झेपत नाही. हल्ली कोणी केलं असेल तर सांगा.