मदत हवी आहे: नोंदणी चंदगडात (महाराष्ट्र), बाळंतपण खानापूर तालुक्यात (कर्नाटक). तपासण्या, कागद आणि दवाखाना कसा ठरवायचा?

जांबोटीकर
बहिणीसाठी विचारतोय. वय २३, पहिलटकरीण. शेवटची पाळी १३ नोव्हेंबर, आज १४ मे, म्हणजे २६ आठवडे पूर्ण. तारीख २० ऑगस्टची. सासर चंदगड तालुक्यात आणि नोंदणी तिकडच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात. डोहाळजेवण झालं की ती माहेरी येणार.

कार्डावर असं आहे: रक्तगट ओ निगेटिव्ह. हिमोग्लोबिन मार्चमध्ये ९.६, आता ८.४. बीपी तिन्ही वेळा ११०/७०. लघवीचा रकाना कोरा. १९ व्या आठवड्यातली सोनोग्राफी नॉर्मल. धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली. लोहाच्या गोळ्या मिळाल्यात, ती "घेते" म्हणते.

महाराष्ट्राचं कार्ड इकडे चालेल का? नाहीतर सगळं पहिल्यापासून? आणि बाळंतपण जवळच्या आरोग्य केंद्रात, खानापुरात की थेट बेळगावला?

निवृत्त_सिस्टर
कार्डाचं नंतर बघू. आधी ते ८.४.

दोन महिन्यांत आकडा वाढायच्या ऐवजी उतरलाय. गरोदरपणात ११ च्या खाली रक्त कमी धरतात, ७ ते ९.९ हा मध्यम अ‍ॅनिमिया, ७ च्या खाली तीव्र. मध्यम असेल तर रोज एक नाही, लोहाच्या दोन गोळ्या (प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड). नीट घेतल्या तर महिन्याभरात साधारण १ ग्रॅमने वाढ दिसायला हवी. दिसली नाही तर गोळ्यांची संख्या वाढवत बसू नका, डॉक्टरांना शिरेतून लोह द्यायचं का ते विचारा. सरकारी दवाखान्यात ते मिळतं. ३४ आठवडे उलटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं, शिरेतून दिलेल्या लोहालाही रक्त वाढवायला काही आठवडे लागतात.

"घेते" म्हणजे कशी घेते, ते विचारा. बहुतेक घरांत लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात जाते, तीही चहाबरोबर. मग लोह अंगाला लागत नाही. कॅल्शियम (५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) जेवणाबरोबर आणि लोह त्यापासून किमान दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी आधी-नंतर तासभर नको. मळमळत असेल तर रात्री झोपताना. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या पुष्कळ असतात. ते लोहामुळेच होतं. जंताची गोळी (अल्बेंडाझोल ४००, एकदाच, तिसरा महिना संपल्यावर) झाली का तेही बघा.

आता बीपी. तिन्ही वेळा हुबेहूब ११०/७० येऊही शकतं. पण लघवीचा रकाना कोरा आणि बीपी एकसारखं, हे दोन्ही एका कार्डावर दिसलं की मला तरी शंका येते. पुढच्या खेपेला पाच मिनिटं बसवून, पाठ टेकून, दंड छातीच्या उंचीला ठेवून मोजायला लावा आणि आकडा तिथंच विचारून घ्या. १४०/९० किंवा वर गेलं तर चार तासांनी पुन्हा मोजतात, १६०/११० असेल तर थांबायचं नाही, लगेच भरती. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) पट्टीवर दोन मिनिटांत कळतं, आग्रहानं करून घ्या.

लॅबवाला_अनगोळ
सिस्टरांशी सहमत. त्यात भर: ८.४ बोटातून काढलं की शिरेतून? बोट दाबून दाबून थेंब काढला की त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. शिरेतून रक्त घेऊन सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) करा. त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी आला तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर (आनुवंशिक रक्तदोष), जास्त आला तर बी-१२ किंवा फॉलिकची शंका. गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर कारण बहुधा इथेच सापडतं.

साखरेची तपासणी तुम्ही लिहिलीच नाही. २४ ते २८ आठवडे हीच तिची वेळ. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, बरोबर दोन तासांनी रक्त. उपाशी असण्याची गरज नाही. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि ओ निगेटिव्ह! नवऱ्याचा गट काय?

जांबोटीकर
दाजी बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन बोटातूनच. साखरेचं काही लिहिलेलं नाही.

लॅबवाला_अनगोळ
मग याच आठवड्यात इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (आयसीटी), म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालीत का ते बघायचं. निगेटिव्ह आली तर २८ व्या आठवड्यात, म्हणजे २८ मेच्या आसपास, अँटी-डी (ती प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं इंजेक्शन) ३०० मायक्रोग्रॅम. बाळंतपणानंतर बाळाचा गट तपासायचा, पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत दुसरा डोस. मधे रक्त गेलं, पडली, पोटाला मार लागला, तरी लगेच दवाखान्यात सांगा, तेव्हाही द्यावं लागतं. आयसीटी पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनचा उपयोग नाही, तेव्हा थेट मोठ्या दवाखान्याची देखरेख. इंजेक्शन कायम थंड ठेवावं लागतं, आयत्या वेळी रात्री शोधून मिळेलच असं नाही. पुढच्या बाळाचं भवितव्य यावर आहे, पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं म्हणून लोक हे सोडून देतात.

निवृत्त_सिस्टर
यावरून दवाखान्याचंही उत्तर आलं. ओ निगेटिव्ह बाईला फक्त ओ निगेटिव्हच रक्त चालतं आणि ते दुर्मिळ. जवळच्या आरोग्य केंद्रात सुरक्षित बाळंतपण होतं, पण ते जोखीम नसलेल्या बाईचं. खानापूरच्या तालुका दवाखान्यात जाऊन तीन गोष्टी तोंडावर विचारा: भूलतज्ज्ञ रात्रीही असतात का, सिझेरियन रात्री होतं का, रक्तसाठा इथेच आहे का. तिन्हीला होय असेल तर नियमित तपासण्या तिथे. पण बाळंतपण बेळगावच्या सिव्हिलमध्येच ठरवा, तिथे रक्तपेढी आहे. भावंडांचे रक्तगट आत्ताच तपासा. ओ निगेटिव्ह निघाला तो पुढे रक्तदाता.

दुसरं, पाऊस. तुमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये ओढे काय करतात ते मी सांगायला नको. ३६ आठवडे २३ जुलैला होतात. तेव्हापासून तिला खानापूर गावात किंवा बेळगावला नातेवाइकांकडे ठेवा. गवाळी, कोंगळा, आमगाव अशा जंगलातल्या गावांना तर हे सांगावंच लागतं.

तुर्केवाडी_आशा
कार्डाचं सांगते. सगळं पहिल्यापासून करायला लागत नाही. तिच्या कार्डावर आरसीएच नंबर (गरोदर मातेच्या सरकारी नोंदणीचा) असतो, तो दोन्ही राज्यांत एकच राहतो. निघण्याआधी इकडच्या नर्सताईंकडून रेफर चिठ्ठी घ्या, रक्तगट, सगळे हिमोग्लोबिन, इंजेक्शनांच्या तारखा इंग्रजीत लिहून. माहेरी आल्याबरोबर तिकडच्या आशाला दाखवा, ती तायी कार्ड (कर्नाटकातलं माता कार्ड) काढून देईल. जुनं कार्ड टाकू नका, फाइलमध्ये दोन्ही. नोंदी कन्नडमध्ये असल्या तरी आकडे आणि औषधांची नावं सहसा इंग्रजीत असतात. कळलं नाही तर विचारा, लाजू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्यांना तर गाठायलाच हवी. ९ जूनची चुकवू नका.

मातृवंदना या केंद्राच्या योजनेचे पैसे, पहिल्या बाळाला ५,०००, आधार जोडलेल्या खात्यात येतात. अडतं ते तिथेच: लग्नानंतर आडनाव बदललं आणि आधार-बँकेत वेगवेगळं राहिलं.

जांबोटीकर
सगळ्यांना धन्यवाद. सिझेरियन झालं तर सिव्हिलमध्ये खर्च किती धरायचा? महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आमचं गाव आहे, महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेचं काही होईल का?

निवृत्त_सिस्टर
त्या योजनेवर बाळंतपण टांगून ठेवू नका. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (साधं बाळंतपण तीन दिवस, सिझेरियन सात दिवस), जाण्यायेण्याची गाडी सगळं फुकट. रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

१०८ ला फोन करताना आधी राज्य, तालुका, मग गाव सांगा. सीमेवर मोबाईल पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या कंट्रोल रूमला जाऊ शकतो. नेटवर्क नसेल तर जीपवाल्याचा नंबर आणि रस्ता अडला तर पर्यायी वाट, दोन्ही कागदावर.

थांबायचं नाही अशी लक्षणं: रक्त जाणं, पाणी फुटणं, डोकं ठणकून दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज, पोटाच्या वरच्या भागात कळ, झटके, ताप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणं. हालचालीसाठी "उद्या बघू" नको, त्याच दिवशी.

तुर्केवाडी_आशा
जन्माची नोंद जिथे जन्म तिथेच होते, म्हणजे बेळगावलाच, २१ दिवसांत, फी नाही. फॉर्मवर आई-बाबांची नावं इंग्रजीत आधारप्रमाणे स्वतः लिहून द्या. ऐकून लिहिलेलं आडनाव नंतर दाखल्यावर दुरुस्त करायला चंदगडाहून हेलपाटे पडतात.