ऐरोलीत दोन ताईंची छोटी माँटेसरी शाळा: प्रवेशाआधी त्यांना काय विचारावं?

ऐरोलीकर_आई

नमस्कार मंडळी. डोंबिवलीहून आम्ही नुकतेच ऐरोलीत राहायला आलो. जूनमध्ये लेक साडेतीन वर्षांची होईल. घराजवळच एका रो हाऊसच्या तळमजल्यावर दोघी ताई माँटेसरी पद्धतीची शाळा चालवतात. अडीच ते सहा वर्षांची सोळा मुलं, सगळी एकत्र. एक ताई आधी आयटीत होत्या, नोकरी सोडून त्यांनी डिप्लोमा केला. दुसऱ्या बरीच वर्षं बालवाडीत होत्या. मदतीला एक मावशी.

चौकशीला गेले तेव्हा एक मुलगा चमच्यानं चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत भरत होता. सांडले की गोळा करून परत सुरू. कुणी त्याला घाई करत नव्हतं. मला ते फार आवडलं.

घरी मात्र सासूबाई विचारतात, "पाटी नाही, गृहपाठ नाही, हिला पहिलीत घेणार कोण?" नवऱ्याला वाटतं, मोठ्या शाळेला निदान मान्यता आणि बस तरी असते. दोघांची काळजी मला पटते. पण सोळा मुलांची शाळा म्हणजे शेवटी त्या दोघीच, म्हणून मला त्यांच्याबद्दल नीट कळून घ्यायचं आहे. काय पाहावं, काय विचारावं?

खारघरचा_बाबा

पहिलीची काळजी आधी मिटवतो. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. कलम १८ मधली मान्यतेची सक्ती प्राथमिक शिक्षण देणाऱ्या शाळांना आहे. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. त्यामुळे "बालवर्गाचा दाखला नाही" म्हणून पहिलीचं दार बंद होत नाही. फक्त वयाचं गणित आत्ताच करून ठेवा आणि जवळच्या दोन-तीन शाळांचे पहिलीचे प्रवेश कधी सुरू होतात ते विचारून ठेवा. बऱ्याच शाळा ज्युनियर केजीतच जागा भरून घेतात, खरी अडचण तिथे येते.

ताईंना मात्र एक स्पष्ट विचारा: सहा वर्षांनंतर मुलं ठेवता का? ठेवत असतील तर मान्यतेचा मुद्दा येतो.

नौपाड्याची_ताई

ऐरोलीकर आई, मी ठाण्यात अशाच एका छोट्या माँटेसरी घरात शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, पाटीवर ते कुणीही लिहू शकतं. म्हणून डिप्लोमा कुठला आणि किती काळाचा, हे निःसंकोच विचारा. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरी आणि त्यांचा मुलगा मारिओ यांनी १९२९ साली एएमआय (असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल) ही संस्था काढली. तिचा तीन ते सहा वयोगटाचा अभ्यासक्रम साधारण एक शैक्षणिक वर्ष चालतो. त्यात साहित्य स्वतः हाताळून सराव करावा लागतो, वर्गात बसून निरीक्षणाचे तास भरावे लागतात, शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा होते. दुसऱ्या संस्थांचेही चांगले वर्ग आहेत. आणि चार आठवड्यांत ऑनलाइन मिळणारी प्रमाणपत्रंही आहेत. त्या ताईंना म्हणा, "तुमचे अल्बम दाखवाल का?" प्रशिक्षणात प्रत्येक पाठ कसा द्यायचा हे लिहून, चित्रं काढून जाडजूड वह्या कराव्या लागतात, त्यांना आम्ही अल्बम म्हणतो. ज्यांनी त्या मनापासून केल्या आहेत त्यांना त्या दाखवताना आनंदच होतो.

मग एक तास वर्गात बसू द्या म्हणावं. कोपऱ्यात खुर्ची, मोबाइल बंद, मुलांशी बोलायचं नाही. त्या वेळात मुलांपेक्षा ताईंकडे पाहा. दट्ट्यांचा लाकडी ठोकळा असतो, त्यात दहा दट्टे, प्रत्येकाचं भोक वेगळ्या मापाचं. मुलानं एक जरी चुकीच्या भोकात घातला तरी शेवटी एक दट्टा उरतो आणि त्याचं त्यालाच कळतं. त्या क्षणी ताई काय करते? हात पुढे करून दुरुस्त करते, "अंहं, बघ बरं" म्हणते, की जागेवर बसून राहते? बसून राहणं सर्वांत अवघड असतं. त्यासाठीच तर शिकावं लागतं. नवा शब्द ती तीन टप्प्यांत देते का पाहा: आधी "हे मोठं, हे लहान", मग "मोठं कुठलं दाखव", आणि अगदी शेवटी "हे काय?" तिसऱ्या टप्प्यावर मूल अडखळलं तर चांगली ताई "चूक" म्हणत नाही. पाठ हसत थांबवते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या टप्प्यापासून घेते.

साहित्य किती आहे याला फार भुलू नका. गुलाबी मनोरा, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन, वर्गात एकच असायला हवा. एकच असतो म्हणून मुलं थांबायला शिकतात, आणि थांबलेलं मूल दुसऱ्याचं काम पाहता पाहता निम्मा पाठ शिकून जातं. वेगवेगळ्या वयांची मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात ती यासाठीच. रोजच्या निरीक्षणांची वही आहे का, हेही विचारा. "तुमची मुलगी छान आहे" हा अहवाल नव्हे. "आज वीस मिनिटं एकटीनं पाणी ओतण्याचं काम केलं, दोनदा सांडलं, स्वतः पुसलं" हा अहवाल.

आता मावशींबद्दल. शी-शू, दप्तर, डबा, रडणं, सगळ्यात मूल मावशींच्या हातात असतं. एखादं मूल बूट घालायला धडपडत असताना मावशींनी पटकन घालून दिले, तर ताईंचा तासाभराचा धीर वाया जातो. मावशींना कुणी शिकवलंय का, ताई त्यांच्याशी कशा बोलतात, त्यांचा पगार वेळेवर होतो का, याकडे लक्ष द्या. माझ्या मते दोघी ताईंची खरी ओळख तिथे पटते.

पैशांचंही विचारायला लाजू नका. छोट्या शाळा बंद पडतात त्या बहुधा शिकवणं वाईट म्हणून नव्हे, जागेपायी. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, वाढतं भाडं, त्यात सोसायटीच्या हरकती. करार कधी संपतो, सोसायटीचं ना हरकत पत्र आहे का, एक ताई आजारी पडली तर वर्ग कोण घेतं, मध्येच शाळा बंद झाली तर फी परत मिळते का, हे लेखी घ्या. आणि दोघी स्वतः पगार घेतात का? नुसत्या हौसेवर, पदरचं घालून चालवलेली शाळा दोन-तीन वर्षांत माणसाला थकवते. थकलेल्या ताईजवळ थांबण्याचा धीर उरत नाही.

सासूबाईंना एकदा गणितासाठीचे सोनेरी मणी बघायला घेऊन जा. एक सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. पाच वर्षांचं मूल ट्रेमध्ये तीन हजार दोनशे चौदा मणी घेऊन येतं, दुसरं त्यात आपले मिळवतं, आणि हाताला वजन कळत असताना बेरीज होते.

कोपरखैरणे_मिनल

ताई, खूप उपयोगी. एक शंका. आमच्या इथल्या माँटेसरीत सगळं इंग्रजीच आहे. मराठीचं काय करावं? घरी आम्ही मराठीच बोलतो.

नौपाड्याची_ताई

मिनल, पद्धत मुळीच इंग्रजीची नाही. पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत निघालं, तिथली मुलं इटालियन बोलणारी. खरखरीत अक्षरं मूल बोटानं गिरवतं आणि त्याच वेळी आवाज ऐकतं, एवढं त्यातलं मर्म. देवनागरीत तर अक्षर आणि उच्चार जवळजवळ जुळलेले असतात. आयता संच नसेल तर पुठ्ठ्यावर काचकागद कापून चिकटवतात, मी स्वतः असेच केलेत. काने, मात्रा, वेलांट्या वेगळ्या रंगात करायच्या म्हणजे "क"ला काना लावून "का" कसा होतो ते मुलाला जुळवून बघता येतं. तुमच्या ताईंना एवढंच विचारा की मराठी अक्षरं तुम्ही केलीत का, नसतील तर पालकांनी मिळून करून दिली तर चालतील का.

आणि आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडं साहित्य आणायला पैसे नव्हते, तर बिया, शिंपले, पानं घेऊन शिकवलं. म्हणून कुणी आयात केलेल्या लाकडी संचांची किंमत सांगून फी वाढवायला लागलं, की मला त्या दोघी आठवतात.

ऐरोलीकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तासभर बसून आले. दट्ट्यांचा प्रसंग खरंच घडला. बालवाडीतल्या ताई समोर बसून होत्या, हात मांडीवर. मुलगा तीनदा चुकला, मग स्वतःच सगळे काढून परत लावायला बसला. आयटीतल्या ताईंनी अल्बम दाखवले, त्यातली चित्रं त्यांनी स्वतः रंगवली आहेत. निरीक्षणाची वही आहे. मावशी दर शनिवारी दोघींबरोबर बसून पाठ पाहतात, त्यांनाही पाणी ओतण्याचा पाठ देता येतो.

दोन गोष्टी कच्च्या निघाल्या. तिसरी बदली ताई नाही, आणि जागेचा करार जानेवारीत संपतो. दोन्ही त्यांनी न लपवता सांगितलं. फी दोन हप्त्यांऐवजी तिमाही घ्यायला आणि मध्येच बंद झाल्यास उरलेली परत द्यायला लेखी तयार आहेत. नवरा तेवढ्यावर राजी आहे. सासूबाई सोमवारी मणी बघायला येणार आहेत.

मराठी अक्षरांचा अर्धाच संच आहे, म्हणून काचकागद मी आणते म्हटलं. नौपाड्याची ताई, कुठल्या नंबरचा घेऊ?

नौपाड्याची_ताई

बोटाला टोचेल इतका जाड नको. मी १२० नंबरचा वापरते. दुकानातच बोट फिरवून बघा. आणि अक्षरं कापताना कागद उलटा धरून, आरशातल्यासारखी आखा, नाहीतर खरखरीत बाजू पुठ्ठ्याकडे जाते.