सायकलवर लॅपटॉप, डबा कसा न्यावा? मदत हवी आहे

मंडळी, गावावरून दारव्ह्याला रोज ११ किलोमीटर सायकलनं ड्युटीवर जातो. सोबत लॅपटॉप, दोन रजिस्टर, डबा, २ लिटर पाणी; सगळं मिळून ६-७ किलो. सायकल साधी, मागं लोखंडी कॅरिअर.

पाठीवर सॅक घेतली तर मे महिन्यात शर्ट पिळावा लागतो. हँडलला पिशवी अडकवली तर खड्ड्यात हँडल ओढतं. कॅरिअरवर ट्यूबच्या रबरानं बांधून पाहिलं. पडत काही नाही, पण गिट्टीच्या रस्त्यावर लॅपटॉपला हादरे बसतात, अन् वरणाचं तर विचारूच नका. (आता झुणकाच नेतो.)

म्हणून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी शिवून घ्यायची आहे. टेलर तयार आहे, माप मागतो. टाच लागू नये, पिशवी स्पोकमध्ये जाऊ नये. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडतो, तेव्हा धुता येईल असं कापड पाहिजे. खर्च १,००० रुपयांच्या आत. गाडी घे म्हणू नका बाप्पा!

ज्यांनी अशी पिशवी वापरली त्यांनी सांगा: लांबी-उंची किती ठेवली, चाकाच्या बाजूनं आतून काय लावलं, आणि लॅपटॉप त्यात ठेवावा की पाठीवरच बरा?