चुंबकाची कसोटी अपुरी आहे

जुने नाणे चांदीचे आहे का हे ओळखण्यासाठी, चुंबकाला न चिकटणारे नाणे चांदीचे समजावे, असे सुचवले जाते. ते अपुरे आहे, कारण तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नाणीही चुंबकाला चिकटत नाहीत. चुंबकाने फार तर १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया बाजूला काढता येतो, कारण तो शुद्ध निकेलचा आहे.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुने रुपये बहुधा लक्ष्मीपूजनाच्या डब्यातच सापडतात. सुट्या पैशांत ते क्वचितच येतात. अशा वेळी आधी साल पाहावे आणि मग सोनाराच्या काट्यावर वजन करावे. राणी व्हिक्टोरियापासून पाचव्या जॉर्जपर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असून वजन ११.६६ ग्रॅम भरते. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयाचे वजनही तेवढेच, पण चांदी निम्मीच, म्हणून केवळ वजनावर भाव ठरवू नये. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांपैकी गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीचे आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

कळकळीची विनंती: काळपट नाणे चिंच किंवा रांगोळीने मुळीच घासू नका, त्याने वरचे बारीक नक्षीकाम झिजते आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते.