‘पहाटे चढा, दुपारआधी उतरा’ – वसंतात एवढा नियम पुरे का?

धागाकर्ता: बर्फाळ डोंगरात वसंतात जाणाऱ्या प्रत्येकाला हिमस्खलनापासून (उतारावरून बर्फ कोसळण्यापासून) वाचायला हा मंत्र मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून खपली धरतो, म्हणून सकाळ बरी. पण रात्रभर आभाळ भरलेलं असेल तर बर्फातली उष्णता आकाशात निघून जात नाही, खपली धरत नाही. मग पहाटे तीनला निघून तरी काय उपयोग?

हिमवाट: उगाच कीस पाडताय. सोपा नियम असला की लोक पाळतात. हिवाळ्यात खोल गाडलेला कमकुवत थर दिसत नाही. वसंतातला धोका मात्र सांगून येतो. बर्फाचे गोळे गडगडायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतला, की मागे फिरायचं.

धागाकर्ता: गोळे दिसतात ते वरच्या सुट्या ओल्या बर्फाचे. तो एका बिंदूपासून सुटतो आणि पंख्यासारखा पसरत खाली येतो. पण पाणी झिरपत जुन्या कमकुवत थरापर्यंत पोचलं, तर त्यावरच्या बर्फाची अख्खी लादीच निसटते. जमिनीवरून सरकणाऱ्या बर्फाचं तर विचारूच नका. त्याला भेगा पडलेल्या दिसतात, पण कोसळतो तो रात्रीसुद्धा.

सावलीकडचा: शिवाय ‘दुपार’ कुठल्या उताराची? पूर्वेकडचा उतार सकाळीच मऊ पडतो, पश्चिमेकडचा उशिरा. उत्तरेच्या सावलीत अजून हिवाळाच मुक्कामाला असतो, आणि तो बर्फ पहिल्यांदा भिजतो तेव्हा जास्त जपायला हवं.

हिमवाट: हे सगळं खरं, पण नवख्या गटाला सांगून बघा! हिमस्खलनाच्या धोक्याच्या 1 ते 5 श्रेणीत (5 म्हणजे सर्वाधिक) सकाळी ‘2’ वाचून निघतात, दिवस तापल्यावर ती 3 होते हे कुणाच्या डोक्यातही नसतं. त्यांना वेळेचीच शिस्त वाचवते.

धागाकर्ता: शिस्त हवीच. तिच्या आधी एक मिनिट काढून काठी टोचा. खपली वजन पेलत नसेल, खाली ओल्या साखरेसारखा सुटा बर्फ लागत असेल, तर तीव्र उतारावर जायचंच नाही, वाजले कितीही असोत.

हिमवाट: आणि पेलली तर? ती किती वेळ टिकेल, हे ठरवायला शेवटी घड्याळच बघाल ना?