जुन्या फ्लॅटचं नूतनीकरण: डिझाइन आणि काम एकाच टीमला द्यावं का?

पौडरोडची_सून
नमस्कार. कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. बिल्डिंग १९८९ सालची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन्ही बाथरूम फोडून नवी करायची आहेत, शिवाय ओटा आणि सगळं वायरिंग. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड हवा आणि बाथरूमचा उंबरा काढायचा आहे.

आर्किटेक्ट आणि कंत्राटदार वेगवेगळे घ्यायचे, की नकाशापासून चावी देईपर्यंत सगळं करणाऱ्या एका टीमला काम द्यायचं, हे ठरत नाहीये. अशा एका टीमने एकरकमी आकडा सांगितला. तपशील मागितला तर म्हणाले, "डिझाइन फायनल झालं की देऊ." वर निम्मे पैसे आगाऊ हवेत. नवरा म्हणतो एकाच माणसाशी बोलायचं, डोक्याला ताप नाही. मला मात्र धास्ती वाटते. कुणी केलंय का असं काम?

नौपाडा७
आम्ही ठाण्यात वेगवेगळे घेतले होते. आर्किटेक्टचं काम सुरेख, पण साइटवर काही अडलं की तो कंत्राटदाराकडे बोट दाखवणार आणि कंत्राटदार त्याच्याकडे. दोघांमध्ये फोन करण्यातच माझी रजा संपली. पुन्हा करायची वेळ आली तर एकच टीम घेईन.

साइटवरचा_काका
ताई, मी सिव्हिल इंजिनियर. पुण्यात जुन्या फ्लॅटांचीच कामं करत आलोय, दोन्ही पद्धतींनी. तुमच्या कामाला एकच टीम योग्य आहे, पण तुम्हाला सांगितलेल्या अटींवर नाही.

जुनं बाथरूम फोडेपर्यंत खाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. नारायण पेठेतल्या एका घरात नकाशावर कमोड समोरच्या भिंतीला दाखवला होता. फोडल्यावर वाटेत बीम निघाली. चार इंची पाइपाला फुटाला पाव इंच तरी उतार लागतो, आणि बीमला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. आर्किटेक्ट वेगळा होता आणि तो परगावी गेलेला. कंत्राटदार म्हणे नकाशाच चुकला, आर्किटेक्ट म्हणे आधी दोन फरश्या उचलून बघायचं होतं. तोवर प्लंबर दुसऱ्या साइटला लागला. घरातली म्हातारी माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होती.

दुसऱ्या एका घरी जवळपास हेच निघालं, पण तिथे डिझाइन करणारी मुलगी आणि मुकादम एकाच टीमचे होते. संध्याकाळी दोघं साइटवर आले, कमोड डक्टच्या (इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीच्या) भिंतीला परत आणला, बेसिन सरकवलं आणि खडूने जमिनीवर आखून दिलं. सकाळी पाइप टाकायला सुरुवात. एका टीमचा खरा फायदा हा.

आता तोटा ऐका. वेगळा आर्किटेक्ट तुमच्या बाजूने माप घेतो, बिल तपासतो, "हे उखडा" म्हणतो. एकाच टीममध्ये असं म्हणणारं कुणी उरत नाही. म्हणून बाहेरचा एक इंजिनियर भेटीगणिक पैसे देऊन ठेवा. पाइप टाकून झाल्यावर पण त्यावर कोबा (फरशीखालचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) भरायच्या आधी, वॉटरप्रूफिंगनंतर, आणि भिंतीतल्या वायरिंगवर प्लास्टर चढायच्या आधी, एवढं त्याने बघितलं तरी पुष्कळ.

वॉटरप्रूफिंगच्या चाचणीला स्वतः हजर राहा. टाइल लावायच्या आधी नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जागेचं, तोंड गोणपाटाच्या बोळ्याने घट्ट बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि ४८ तास तसंच ठेवायचं. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा घेर विशेष बघा. तिथे स्लॅबला भोक मोठं पाडतात आणि उरलेली फट साध्या सिमेंट-वाळूने बुजवतात. ते सुकताना आकसतं आणि गळती तिथूनच सुरू होते. तिथे न आकसणारं ग्राउटच (फटीत भरायचं तयार मिश्रण) हवं.

उंबऱ्याचंही आत्ताच बोला. उंबरा काढला की पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा थोडी खाली आणि उतार नहाणीकडे हवा. ही लेव्हल कोबा भरतानाच ठरते, टाइलवाला आल्यावर काही करता येत नाही.

करार दोन करा. पहिला फक्त नकाशे आणि तपशिलाचा, वेगळी फी देऊन. दुसरा कामाचा, तपशील हातात आल्यावर. त्यात "चांगला प्लाय" असं चालणार नाही. सिंकखाली आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन) १८ मिमी प्लाय, गीझरला ४ स्क्वेअर मिमीची वायर, असं लिहून हवं. राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे पैसे कोणाचे, हेही. लिफ्ट नाही म्हटल्यावर ती रक्कम किरकोळ नसते.

निम्मे पैसे आगाऊ मुळीच देऊ नका. सामान आणण्यापुरते द्या, मग टप्पा पूर्ण झाला की त्या टप्प्याचे, आणि दहा टक्के बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर.

एरंडवणे_सोसायटी
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायची असते. त्याचा अहवाल मागून घ्या आणि टीमला काम सुरू करण्याआधी द्या. सोसायटीकडच्या परवानगीच्या अर्जाला नकाशा जोडा, आणि खालच्यांना आधी भेटून या. पाणी भरायची चाचणी त्यांच्या डोक्यावर होणार आहे.

पौडरोडची_सून
काका, मनापासून आभार. टीमला फोन केला होता. नकाशाची फी घेतच नाही म्हणतात, काम दिलं तर डिझाइन फुकट.

साइटवरचा_काका
मग तो नकाशा तुमचा होत नाही, ताई. त्यावर दुसऱ्या कुणाकडून दर मागवता येत नाही, त्यामुळे त्यांचा आकडा महाग की वाजवी हे कळायला मार्ग राहत नाही. फी घ्या आणि नकाशे मापांसकट द्या, असा आग्रह धरा. पुढे काम त्यांनाच दिलंत तर फी बिलातून वजा करा म्हणावं, बरेच जण याला तयार होतात. तरीही नाही म्हणाले तर दुसरी टीम बघा.