आतिथ्य, पाहुणचार की 'घरात घेणे'?

नगरी: जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारी दाराशी उभं राहून नव्या माणसाला आत आणणाऱ्या चारपाच जणांचा गट केलाय. इंग्रजी पत्रकात 'हॉस्पिटॅलिटी टीम' छापलंय. मराठीत काय म्हणावं? पाळकसाहेब 'आतिथ्य विभाग' म्हणतात, पण ती लॉजची पाटी वाटते. 'स्वागत समिती' म्हटलं की छातीवरचे बिल्ले अन् गुलाबपाणी.

शब्दवेडा: बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'फिलोक्सेनिया'. फिलो म्हणजे प्रेम, क्सेनोस म्हणजे परका. गंमत म्हणजे क्सेनोस हा परका, पाहुणा आणि यजमानही! प्रेषित पौल ज्याच्याकडे उतरलाय त्या यजमान गायसालाही (रोमकरांस पत्र १६:२३) हाच शब्द. फिलोक्सेनियाला इब्री लोकांस पत्र १३:२ मध्ये मराठी शास्त्रात (बायबलात) 'अतिथिप्रेम' आहे. चूक नाही, पण त्यातून 'परका' निसटला. अतिथीला आपल्याकडे आधीपासूनच देवाचा मान. परक्याला कुठाय?

प्राजक्ता: मग 'पाहुणचार' का नको? घरगुती आहे.

शब्दवेडा: ताई, पाहुणचार झाला की पाहुण्यानं निघायचं असतं. शिवाय पोलिसांचाही पाहुणचार असतो :)

वसईची मावशी: मत्तयाच्या शुभवर्तमानातलं २५:३५ काढा, येशूचे शब्द. 'परका होतो तेव्हा मला घरात घेतले.' आमच्या आळीतल्या एका मुलीनं पळून लग्न केलं. चार वर्षं ती सणाला यायची, ओट्यावर बसायची. आई चहा बाहेर आणून द्यायची, तोही चांगल्या कपबशीतून, वर बिस्किटं. पाहुणचारात काही कमी नव्हतं. पण सगळी आळी म्हणायची, 'तिला अजून घरात घेतलं नाही.'

शब्दवेडा: मावशी, मानलं! तिथलं ग्रीक क्रियापद 'सिनागो', म्हणजे एकत्र आणणं, गोळा करणं. सिनेगॉग (यहुद्यांचं सभास्थान) त्यातलाच. 'घर' मुळात नाहीच, ते मराठीनं घातलं आणि चपखल बसलं.

जाता जाता, 'इस्पितळ'ही 'हॉस्पिटॅलिटी'च्याच गोतावळ्यातला. लॅटिनमध्ये मूळ अर्थ पाहुण्यांची जागा. ६व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमात (प्रकरण ५३) येईल त्या पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावं, असं आहे. युरोपात अशा धर्मशाळांत वाटसरू आणि आजारी एकाच छपराखाली असायचे. पोर्तुगिजांकडून शब्द आपल्याकडे आला तोवर त्यातला पाहुणा गेला होता, रोगी तेवढा उरला.

नगरी: सगळं पटलं. पण पाटीवर 'घरात घेणारे' कसं लिहू? लोक घरजावई समजतील.

वसईची मावशी: 'सोबती' लिही. दाराशी उभा राहतो तो स्वागताध्यक्ष. बाकावर शेजारी बसून गीतपुस्तकाचं पान काढून देतो तो सोबती.

नगरी: मावशी, बैठकीत 'सोबती' पास झालं. पत्रकात खाली बारीक अक्षरात 'हॉस्पिटॅलिटी टीम' राहिलंच. पाळकसाहेब ऐकेनात.